रबर आजच्या आज कपाटात टाक

"मावशी, माझा मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्रजी शाळा. रोज संध्याकाळी तासभर मी गणित घेते, घरी सगळं येतं त्याला. वहीत एक चूक सापडणार नाही, चुकलं की मी लगेच खोडून परत करून घेते, कारण त्याचे बाबा वही बघून चिडतात. पण घटक चाचणीत २० पैकी ९! शेवटचे तीन प्रश्न सोडवलेलेच नाहीत आणि इतकं खोडलंय की पेपरला एके ठिकाणी भोक पडलंय. बाई म्हणतात स्पीड नाही. सहामाही तीन आठवड्यांवर आलीय. क्लास लावू, ॲबॅकसला घालू, की रोज दोन तास बसवू? — एक आई, नाशिक"

अगं, क्लास आणि ॲबॅकस दोन्ही राहू दे बाजूला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या भोकापाशी अडकले. आठ वर्षांच्या पोराने कागद फाटेस्तोवर खोडलंय आणि तू ते अर्ध्या ओळीत उरकून पुढे क्लासच्या चौकशीला लागलीस.

असं खोडायला त्याला शिकवलं कोणी? तू शिकवलंस. माया आहे म्हणून केलंस, बाबांच्या रागापासून वाचवायला केलंस, ते कळतं मला, पण राग येतोच आहे. कारण तुम्ही दोघं बसता ना, तेव्हा काय होतं सांगते. तो उत्तर लिहितो आणि तुझ्या हाताकडे बघतो. हात रबराकडे गेला की चुकलं, नाही गेला की बरोबर. "घरी सगळं येतं" म्हणतेस ते हे. आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे त्याने स्वतः कधी ठरवलेलंच नाही, आणि परीक्षेत शेजारी तुझा हात नव्हता. मग बिचारा लिहितो, शंका येते, खोडतो, परत तेच लिहितो, परत खोडतो, तेवढ्यात घंटा होते. स्पीड कमी नाहीये त्याचा, वेळ खोडण्यात गेला.

आणि दुसरं नुकसान त्याहून मोठं. त्याला काय येत नाही हे सांगणारी एकच गोष्ट घरात होती, त्याची चुकलेली उत्तरं, आणि ती तूच रोज पुसत आलीस. आता ती वही घे, ट्यूबलाइटखाली तिरकी धर, पेन्सिलीचे वळ उमटलेले असतात कागदावर. ५२ वजा १७ सारखं एखादं गणित शोध. ३५ च्या खाली बहुतेक ४५ चा वळ दिसेल. मी तिसरीचा वर्ग वर्षानुवर्षं घेतलाय आणि हे ४५ इतक्या वह्यांत पाहिलंय की बस. तू त्याला केअरलेस म्हणशील, पण तो केअरलेस नाहीच, त्याने एक नियम बनवलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं. २ मधून ७ जात नाहीत ना, मग ७ मधून २ काढले, ५ आले, आणि ५ मधून १ गेला, ४. दर वेळी तो हेच करणार, कारण त्याच्या मते ते बरोबर आहे, आणि दोन तास बसवलंस तर हाच नियम दोन तास पक्का होईल.

यावर उपाय दहाच्या नोटांचा. पाच नोटा आणि दोन सुट्टे रुपये दे त्याच्या हातात आणि म्हण, मला १७ रुपये दे. एक नोट देईल, मग सुट्टे सात लागतील, त्याच्याकडे दोनच. तो म्हणेल नोट मोडायला लागेल. झालं! पुस्तकात दशक सुटा करायचा म्हणतात ते हेच, आणि हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे, तुझ्या नाही.

अजून एक बघ, तू आकडे मराठीत सांगतेस का? शाळेत सिक्स्टी थ्री आणि घरी त्रेसष्ट. आपल्या त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र नंतर, पोरं सरळ ३६ लिहितात. एकोणसत्तरमध्ये तर ना सहा ऐकू येतो ना नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की हा उलटा क्रम आणि जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात. मला तेव्हाही त्यांचं पटलं होतं आणि आजही पटतं, वर्गात ते ३६ बघितलेले आहेत मी. तर खोडलेल्या जागी असे उलटे आकडे दिसतात का तेही बघ, दिसले तर त्रेसष्ट म्हटल्यावर लगेच साठ आणि तीन म्हणत जा, काही दिवसांत जमेल त्याला.

पण हे सगळं नंतर. आधी रबर. तुझं, त्याचं, कंपासपेटीतलं, पेन्सिलीच्या टोकाचं, सगळे कपाटात टाक आणि सहामाही होईपर्यंत काढू नकोस. चुकलं तर त्याने एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला परत करायचं, चुकलेलं वाचता आलं पाहिजे. तू हात मांडीवर ठेवून बसायचंस. प्रत्येक उत्तराला, बरोबर असलं तरीही, एकच विचारायचं, "कसं केलंस सांग". मग ताळा त्याने करायचा: ३५ मध्ये १७ मिळवले, ५२ आले का? आले तर तो म्हणेल बरोबर, तू नाही म्हणायचं. अर्धा तास पुरे. पहिले दोन-तीन दिवस तुझ्या तोंडाकडे बघेल, तेव्हा तू वहीकडे बघ. शाळेत बाईंना विचारून ठेव पेपरात रेघ मारलेली चालेल का, माझ्या वर्गात तर मी खोडूच द्यायचे नाही.

आणि बाबांना आजच सांग की इथून पुढे वहीत रेघा दिसतील आणि त्या मी मारायला लावल्यात. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा म्हणावं, वहीवर नाही.

तो चाचणीचा पेपर अजून असेल ना घरी? रात्री जेवणं झाली की काढ, भोकाच्या मागून चिकटपट्टी लाव, त्याला जवळ घेऊन बस आणि विचार, "इथे तू आधी काय लिहिलं होतंस रे?" सांगेपर्यंत थांब. जे सांगेल ते जसंच्या तसं मला लिहून पाठव.

— तुझी मावशी