आत्याचं पोट सिस्टर का चोळत होत्या, आणि फॉग्सीत 'नोकरी' मिळते का?

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, बारावी सायन्सला आहे. मागच्या वर्षी तिच्या आत्याला बाळंतपणानंतर खूप ब्लीडिंग झालं, डॉक्टर आणि दोन सिस्टरनी धडपड करून वाचवलं, आणि दार अर्धवट उघडं होतं म्हणून हिला बाहेरून बरंच काही दिसलं. तिथल्या भिंतीवर 'मान्यता' लिहिलेलं फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सर्टिफिकेट होतं. ती विचारते, 'मॅडम, ही संस्था सरकारी आहे का, तिची परीक्षा कधी असते, मला तिथे काम करायचंय. पप्पा म्हणतात गायनॅक म्हणजे रात्रीची झोप गेली आणि नातेवाईक अंगावर येणार. नीटमध्ये नंबर नाही लागला तर नर्सिंग करू का असं विचारलं तर आई दोन दिवस बोलली नाही.'

अगं, आधी तू जे बघितलंस त्याबद्दल बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तू लिहिलंयस की सिस्टर आत्याचं पोट जोरजोरात चोळत होत्या आणि तुला वाटलं किती दुखत असेल, का करतायत असं. नऊ महिने भरलेले असतात तेव्हा गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. वार पडली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि पिशवी आवळली तरच त्या बंद होतात, पिशवी सैल राहिली तर रक्त थांबतच नाही. म्हणून ते चोळणं, म्हणून ते पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, सलाइन, आणि बहुतेक रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडही दिलं असेल, ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. कुणी काय करायचं हे त्या तिघांना विचारावं लागलं नाही, हे तू स्वतः लिहिलंयस, 'कुणी ओरडत नव्हतं'. हा नशिबाचा भाग नव्हता. हे सगळं आधी शिकलेलं असतं, पुन्हा पुन्हा हाताने करून बघितलेलं असतं, आणि असं शिकवणं हे तू विचारलेल्या संस्थेचं एक मोठं काम आहे.

फॉग्सी म्हणजे फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया. सरकारी नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गावोगावच्या संघटना असतात, त्यांचा हा देशपातळीवरचा संघ. जानेवारी १९५० मध्ये मद्रासच्या परिषदेत स्थापन झाला, आणि तुला आवडेल म्हणून सांगते, तेव्हा ज्या मोजक्या संघटना एकत्र आल्या त्यात मुंबई, मद्रास, अहमदाबाद, बंगाल, पंजाब यांच्याबरोबर कोल्हापूरची संघटना होती. तुझ्या जिल्ह्याची! आज मुख्य ऑफिस मुंबईत आहे.

परीक्षा देऊन तिथे नोकरी लागते असं काही नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ झालीस की आपल्या भागातल्या संघटनेची मेंबर होतेस आणि मग ट्रेनिंग, कमिट्या यात काम करता येतं, ते दिवसभराची प्रॅक्टिस सांभाळून. आणि डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन ही संस्था देत नाही, ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल देतं आणि काढूनही तेच घेऊ शकतं. कायदा सरकार करतं. मग संघटना करते काय, तर अमुक आजारात उपचार कसे करावेत याच्या गाइडलाइन्स काढते, जर्नल चालवते, वर्कशॉप घेते, आणि 'मान्यता'सारखे कार्यक्रम. मान्यता खासगी मॅटर्निटी होमसाठी आहे, कुणावर सक्ती नाही. १६ स्टँडर्ड ठरवलेली आहेत, गरोदरपणातल्या तपासण्यांपासून ते बाळंतपणानंतरच्या काळजीपर्यंत, आईशी नीट आदराने वागणं आणि सिझेरियन का केली याचा ठराविक काळाने आढावा घेणं हेही त्यात येतं. स्टाफचं ट्रेनिंग होतं, मग तपासायला येतात, आणि त्यात बसलं तर सर्टिफिकेट. सरकारी लेबर रूमसाठी केंद्राचा 'लक्ष्य' नावाचा असाच कार्यक्रम आहे, आणि आपल्या राज्याने दोन्ही जोडून 'लक्ष्य-मान्यता' केलं. २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते आणि देशात ९७. या फरकामागे रस्ते, १०८, आशाताई, ब्लड बँक सगळंच आहे, पण लेबर रूममधल्या शिकलेल्या हातांचा वाटा त्यात आहेच, तू बघितलेले हात त्यातलेच.

आता एक गोष्ट तुला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. ही डॉक्टरांची संघटना आहे, त्यामुळे ती बायकांच्या आरोग्यासाठी जशी उभी राहते तशी डॉक्टरांच्या बाजूनेही उभी राहते, आणि दर वेळी दोन्ही बाजू एक असतील असं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा पहिल्यांदा आपल्या राज्याने केला, १९८८ ला, मग १९९४ ला केंद्राचा आला. त्यात गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायचा फॉर्म एफ नीट भरला नाही तरी शिक्षा आहे. फॉग्सी सुप्रीम कोर्टात गेली की नुसत्या कारकुनी चुकांसाठी डॉक्टरांना गुन्हेगार ठरवू नका, आणि २०१९ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं नाही, म्हणाले या कायद्याचा कणाच रेकॉर्ड आहे. डॉक्टरांची अडचण मला समजते, तरीही मला कोर्टाचं पटतं, कारण मुली कमी झालेल्या आपण आपल्याच जिल्ह्यांत बघितल्यात. तू उद्या अशा संघटनेत गेलीस तर असे वाद तुझ्यासमोर येणार आणि तुला बाजू घ्यावी लागणार.

पप्पांची भीती खोटी नाहीये. बाळंतपणं रात्री-बेरात्री होतात आणि हॉस्पिटलमध्ये मारहाणीचे प्रकार होतात म्हणून तर २०१० मध्ये राज्याने वेगळा कायदा केला. पण त्यांना एक सांग, एकट्या डॉक्टरने सगळं अंगावर घ्यायचं आणि काही झालं की एकट्यानेच भोगायचं, त्यापेक्षा ठरलेल्या पद्धतीने टीमने काम करणं, वेळच्या वेळी लिहून ठेवणं, नातेवाइकांशी आधीपासून बोलत राहणं यात डॉक्टरही जास्त सुरक्षित असतो. सोपं होतं असं मी म्हणत नाही. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, मग नीट पीजी, मग तीन वर्षं एमएस, मधे काही गॅप नाही पडली तरी तू २७ च्या पुढे जाणार. हे घरात बसून मोकळेपणाने बोला, पैशांसकट.

आणि आता आईंसाठी, हा पॅरा त्यांना वाचून दाखव. ताई, नर्सिंगला 'नीट नाही लागली म्हणून' असं म्हणू नका. तुमच्या घरापासून फार लांब नाही, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये जगातल्या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १६२० बायका, बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, डॉक्टर कुणी नाही, सगळं एएनएम ताईंनी, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सनी केलं. निम्म्या जणींना बाळ झाल्याबरोबर पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून साधारण साडेसहावर आलं. आणि रक्त अंदाजाने नाही, मोजमापाच्या खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून मोजलं. जगाला उपयोगी पडलेलं हे काम उपकेंद्रातल्या नर्सनी केलंय, आणि तुमच्या नणंदेचं पोट चोळणाऱ्याही सिस्टरच होत्या.

तर मुली, नीटची परीक्षा मनापासून दे, पण दरवर्षी २० लाखांच्या वर मुलं बसतात हे लक्षात ठेव आणि रिपीटची किती वर्षं द्यायची हे निकालाच्या आधीच ठरव, माझ्या मते एक. त्याच बरोबर स्टेट सीईटी सेलचा बीएस्सी नर्सिंग सीईटीचा फॉर्म भर, चार वर्षांची डिग्री आहे. त्याच्या पुढे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी म्हणून १८ महिन्यांचा कोर्स केंद्राने आणलाय, त्यात नॉर्मल बाळंतपण मिडवाइफच्याच हातात असतं, मला तुझं पत्र वाचून सगळ्यात आधी तोच आठवला. आणि तुला ट्रेनिंग, क्वालिटी असलं काम खुणावत असेल तर डॉक्टर किंवा नर्स झाल्यावर पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करता येतं, पण आधी चार-पाच वर्षं लेबर रूममध्ये काढ, नाहीतर ज्यांना शिकवायचं त्यांच्यापुढे बोलायला तुझ्याकडे काही नसेल.

परीक्षा झाली की एक दिवस त्याच हॉस्पिटलमध्ये जा. डॉक्टर मॅडम बिझी असतील, त्या दोन सिस्टरपैकी कुणी भेटलं तर बस त्यांच्याशी, कुठे शिकल्या, नाइट किती असतात, पगार किती, पहिल्यांदा असं ब्लीडिंग बघितलं तेव्हा काय केलं, सगळं विचार. आईंना सोबत ने. आणि आत्या, बाळ कसे आहेत ते लिहायचं राहिलंय तुझं, पुढच्या पत्रात नक्की लिही.