जंगलातल्या हिंस्र देवीला 'रानटी देवी' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की ग्रुपमध्ये मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, गोष्ट रचत खेळायचा गेम) खेळतोय, कॅम्पेनमध्ये म्हणजे त्या लांबलचक गोष्टीत घनदाट जंगल आणि तिथली रक्त मागणारी देवी आहे, इंग्रजीत तिला सॅव्हेज जंगल गॉडेस म्हटलंय, तर मराठीत 'रानटी देवी' चालेल का?

माझ्या मते नको. रानटी म्हटलं की रीतभात नसलेला माणूस डोळ्यासमोर येतो, देवी नाही. अरण्य, त्याचं प्राकृतात रण्ण आणि मग आपलं रान, हा शब्द तसा जिव्हाळ्याचा आहे, रानमेवा, रानभाज्या, कवी ना. धों. महानोरांना तर लोक प्रेमाने रानकवीच म्हणतात, पण 'टी' लागला की त्याची शिवी होते. सॅव्हेजचंही तेच झालं, मूळ लॅटिन सिल्वा म्हणजे रान, रानातला तो सॅव्हेज, पुढे त्याचा अर्थ क्रूर झाला. 'हिंस्र' पण एकटा नको, नुसतं जनावर वाटतं. त्यापेक्षा 'उग्र' बरा, तो देवीला शोभतो.

आपल्याकडे अशा देवीबद्दल लोक घाबरून बोलतात तेव्हा शब्द येतो 'कडक'. देवी कडक आहे, तिला अमुक चालत नाही, कोपते. कोकणातल्या कितीतरी देवरायांमधून वाळकी फांदीसुद्धा उचलत नाहीत ते याच धाकाने. तुमच्या गेममधल्या एखाद्या गावच्या म्हातारीला सरळ बोलू द्या, "पोरांनो, आत शिरायच्या आधी कौल लावा, देवी लय कडक हाय, वाळली काटकी पण उचलू नका." प्लेयर्सना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

नाव ठेवताना वाघजाई, काळकाई, जाखाई ही नावं बघा, सगळ्यांच्या शेवटी आई आहे. तसं नवीन नाव बनवा, पण पूजेतली खरी देवी उचलू नका प्लीज, १९८० साली याच गेमच्या देवदेवतांच्या पुस्तकात कालीला हिट पॉइंट्स (किती मार खाल्ला की मरणार याचा आकडा) वगैरे देऊन टाकले होते, ते मला अजून खटकतं.

आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १४६वं सूक्त नक्की वाचा, ते अरण्यानीचं आहे. ती पशूंची आई, नांगर न धरता तिच्याकडे भरपूर अन्न, संध्याकाळी रानातून कसले कसले आवाज येतात, आणि कुणी अंगावर चालून आलं नाही तर ती मारत नाही असं तिथे स्पष्ट म्हटलंय. गेमसाठी हा नियम फार कामाचा आहे कारण देवी कधी कोपणार हे प्लेयर्सना कळायला हवं, उगाच सगळ्यांना फाडत सुटली तर ती देवी कसली, राक्षसीणच झाली.

म्हणजे डीएमच्या (गेम चालवणाऱ्याच्या) निवेदनात 'उग्र', गावकऱ्यांच्या तोंडी 'कडक'. 'रानटी' हा शब्द ठेवा, पण तो झाडं तोडायला आलेल्या बाहेरच्या व्यापाऱ्याला द्या, तो तिच्याबद्दल तसंच बोलेल.