सूनबाईंचे खापरपणजोबा

प्रश्न: माझी सून अमेरिकन आहे. तिचे खापरपणजोबा 1880 च्या सुमारास वॉशिंग्टनला खजिना खात्यात कारकून होते, एवढंच घरात माहीत. नातवाला शाळेत वंशवृक्ष न्यायचाय. आमच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडल्या. तिच्या कुठे शोधायच्या?
– एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर: मीही सत्तरी ओलांडलेली, तेव्हा वहिनीच म्हणतो. माझी नोकरी ठाण्यात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढण्यात गेली. माणूस जिवंतपणी कागदावर येतो त्याहून जास्त तो गेल्यावर, वारस रांगेत उभे राहिले की येतो. अमेरिकेतही तेच.

वहिनी, आधी नोकरीचं बघा. तिकडचं सरकार दर दोन वर्षांनी आपल्या नोकरांची यादी छापायचं, ‘ऑफिशियल रजिस्टर’. कारकुनाचा जन्म कुठला, नेमणूक कुठल्या राज्यातून, पगार किती, सगळं त्यात. पहिल्या वर्गाला वर्षाचे 1,200 डॉलर, चौथ्याला 1,800. तिकडे वर्ग उलटे चढत! जन्माचा रकाना मात्र नीट उतरवून घ्या, पुढे एकाच नावाचे दोघे निघाले की तोच वाचवतो.

मग 1880 ची जनगणना. घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं त्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आईवडिलांचे जन्म कुठले तेही आहे. 1890 च्या मागे लागू नका, 1921 ची आग आणि नंतरची हेळसांड यांत ती जवळपास सगळी गेली. त्या वर्षांपुरत्या शहराच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्या, चाळा. हे बरंचसं ‘फॅमिलीसर्च’वर फुकट दिसतं. मॉर्मन चर्चचं काम आहे ते. त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा मायक्रोफिल्म केली आहे. तिथली लोकांनी जोडलेली तयार झाडं मात्र उचलू नका.

आता वारसांची रांग. यादवी युद्धातून परतलेले बरेच जण पुढे सरकारी कारकून झाले. हे त्यांतले असतील, तर विधवेच्या पेन्शनची फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडून मागवा. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा म्हणून बायका घरच्या बायबलमधलं पानच फाडून जोडत. शेजाऱ्यांच्या सुनेसाठी अशी एक फाइल मागवली, त्या फाइलीत तसं पान निघालं. चार मुलं, सोळा वर्षांतले जन्म. सून हरखली, मी भिंग घेतलं. चारही नोंदींची शाई एक, हात एक, टाकाची जाडीसुद्धा एक. फेरफारात असलं दिसलं की आम्ही समजायचो, एका बैठकीत लिहिलंय! खोटं नव्हे, पण आठवून लिहिलेलं. जनगणनेतल्या वयांशी ताडलं, तर थोरली दोन वर्षांनी मोठी निघाली.

फाइल यायला महिनेही लागतात. नातवाला शाळेची तारीख आधी विचारा.