१० बाय १२ च्या खोलीत मॉडेल रेल्वे बसवायची आहे. एचओ घ्यावं की एन, आणि जास्तीत जास्त रूळ कसे बसतील?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे, "पुण्या-मुंबईबाहेर राहून हा छंद जमतो का?" खरं सांगायचं तर त्या ओळीमुळेच लिहायला बसलो. मी सोलापूरचा. जमतो. पण "जास्तीत जास्त रूळ" वाचलं आणि डोकं तडकलं, कारण त्या तीन शब्दांपायी माझी चार वर्षं गेली आणि साडूभाऊंशी बोलणं तुटलं.

आधी कोणती गाडी, कुठल्या स्टेशनात उभी करायची आहे ते ठरवा. स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याएवढं, ते त्यातून आपोआप निघतं; एचओ आणि एन ही अशीच दोन स्केलं. समजा तुम्हाला २४ डब्यांची एलएचबी (आजचे लांब डबे) मेल गाडी हवी आहे. एक डबा कपलिंगसकट साधारण २४ मीटर. एचओ म्हणजे १:८७, त्यात ही गाडी साडेसहा मीटरच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ २२ फूट. तुमची मोठी भिंत १२ फूट. एनमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, तीच गाडी ३.६ मीटर होते. तुमची भिंत ३.६६ मीटर. इंजिन शेजारच्या खोलीत लावा! आठ-नऊ डब्यांवर समाधान मानणार असाल तरी वळणाचं गणित सुटत नाही. लांब डबे वळणावर बरे दिसायला वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट लागते. एचओत ती ८३ सेंटिमीटरच्या आसपास येते, एनमध्ये ४५. सेटबरोबर येणाऱ्या १८ इंची वळणावर एचओचे लांब डबे चालवून बघा, प्रत्येक डब्याचा कोपरा सांध्यातून निखळल्यासारखा बाहेर येतो. तेव्हा आजच्या लांब गाड्या हव्या असतील तर या खोलीत एन, आणि तेही भिंतीच्या कडेकडेने फळी टाकून. मालगाडी, शंटिंग (इंजिनानं डबे इकडून तिकडे नेऊन जोडणं-सोडणं), छोटं स्टेशन असं काही हवं असेल तर एचओ. झालं उत्तर. इथे थांबलात तरी चालेल.

आता साडूभाऊ.

ते कोथरूडला राहतात. २०११ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला तिथलं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवलं. एचओमधलं अख्खं गाव, दिवे, सिग्नल, एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या. खेळ संपून बाकीची मंडळी निघाली तरी मी पन्नाशीचा माणूस तिथेच उभा. बाहेर आल्यावर साडूभाऊ म्हणाले, "अहो, हे आपण तुमच्या माडीवर करू. पण एनमध्ये. निम्मी जागा लागते, म्हणजे दुप्पट रूळ बसतात."

कंपनीच्या कामानं त्यांची जपानला ये-जा होती. दिवाळीत ते रूळ, दोन कंट्रोलर आणि दोन गाड्या घेऊन आले. प्लॅन त्यांनी कॉम्प्युटरवर काढून आणला होता. ८ बाय ४ ची एक अख्खी प्लाय, तीन फेऱ्या एकात एक, दोन बोगदे, एक चढ, आणि गाडी उलटी फिरून यायला एक लूप. कागदावर इतका सुंदर दिसत होता की फ्रेम करून लावावा. तसाच लावला असता तर बरं झालं असतं.

माडी १० बाय ११ ची. प्लाय कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला चिकटवून, म्हणजे हात घालायला एक लांब बाजू आणि एक आखूड बाजू उरली. माणसाचा हात कामापुरता दोन, फार तर अडीच फूट पोहोचतो. प्लाय चार फूट रुंद. आणि दोन्ही बोगदे कुठे? मागच्या भिंतीला. "डोंगर मागेच शोभतो," इति साडूभाऊ.

चढ तर विचारूच नका. खालच्या रुळावरून वरची गाडी पार व्हायला एनमध्ये साधारण पाच सेंटिमीटर उंची गाठावी लागते. मीटरला दोन सेंटिमीटर हा बेतशीर चढ, म्हणजे अडीच मीटर लांबी हवी आणि पुन्हा उतरायला तेवढीच. आमच्या प्लॅनमध्ये त्याला सव्वा मीटर मिळाला होता, तोही वळणावर. इंजिन चार डबे कसेबसे ओढायचं, पाचवा लावला की चाकं जागच्या जागी फिरायची.

२०१२ च्या संक्रांतीला गड्ड्याची यात्रा बघायला सगळे पाहुणे आमच्याकडे. साडूभाऊंनी माडीवर उद्घाटन ठेवलं. सतरा-अठरा माणसं, त्यात सात पोरं, एक सासूबाई. पहिली फेरी छान झाली. टाळ्या. मग त्यांनी गाडी उलट्या लूपमध्ये घातली. दोन रुळांच्या साध्या वायरिंगमध्ये असा लूप केला की डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडतो. तिथे दोन्हीकडून गॅप ठेवून वेगळा स्विच द्यावा लागतो. दिला नव्हता. कंट्रोलर बंद पडला. तो सावरेपर्यंत दुसरी गाडी मागच्या बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही.

मी प्लायच्या खालून सरपटत गेलो. खालून हात घालायला भोक ठेवलेलं नव्हतं. मग टेबलावर गुडघे टेकून वरून वाकलो, तेव्हा प्लायचा पाय घसरला आणि डोंगर, बोगदा आणि जपानी बुलेट ट्रेन माझ्यासकट भिंतीला. पोरांना तोच भाग सगळ्यात जास्त आवडला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, लागलं तर नाही ना? आणि गाडी होटगीला थांबते का हो?" सगळे हसले, होटगी म्हणजे सोलापूरशेजारचंच स्टेशन. त्या मात्र मनापासून विचारत होत्या.

खाली तिळगूळ खाताना साडूभाऊ चाकं बघत म्हणाले, "दोष प्लॅनचा नाही. तुमच्या सोलापुरात सगळीकडे पिंजा उडतो. इथे हे जमायचं नाही." साखर पेठेत आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग आहेत, टॉवेलचे. इंजिनाच्या आसाभोवती खरंच सुताचे तंतू गुंडाळलेले होते. पण आमच्या घरात, आमचं खाऊन, आमच्या गावाला नावं ठेवायची? मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुढे चार वर्षं फक्त लग्नकार्यात नमस्कार.

राग साडूभाऊंवर होता, तरी मनात त्यांचंच म्हणणं बसलं. शेजाऱ्यांना माडीकडची खिडकी बंद ठेवायला सांगितलं. भल्या माणसांनी ठेवली, मे महिन्यात सुद्धा. तंतू येतच राहिले. दर आठवड्याला चाकं पुसायची, इंजिन उघडायचं, चिमट्यानं गुंता काढायचा. एके दिवशी भिंगाखाली नीट बघितलं तर तंतू मरून रंगाचे. शेजारी विणायचे पांढरे टॉवेल. मरून काय होतं? लेआउटवर धूळ बसू नये म्हणून मी रोज रात्री जी पांघरत होतो ती कोरी करकरीत सोलापुरी चादर. मीच.

शेजाऱ्यांकडे जाऊन कबूल केलं. ते हसले. खिडकी मात्र अजून बंदच असते, सवय झाली म्हणतात. साडूभाऊंना हे सांगितलेलं नाही.

तो लेआउट मी २०१६ मध्ये मोडला. मोडताना पहिल्यांदा स्वतःला विचारलं की मला नक्की काय बघायचं होतं. बुलेट ट्रेनशी माझा काय संबंध? लहानपणी आषाढीला आजीबरोबर कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूरला जायचो, ती बार्शी लाइट रेल्वेची, अरुंद रुळावरची छोटी गाडी. आत जागा नाही म्हणून टपावर माणसं, आणि वाफेचं इंजिन असं धापा टाकायचं की आजी म्हणायची, "विठ्ठला, हिला आधी पोचव." मला ते स्टेशन हवं होतं. गोल फिरणारं काही नकोच होतं.

आणि इथे गणितानं माझी बाजू घेतली. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६७६ मिलिमीटरची. १:८७ मध्ये ती १९.३ मिलिमीटर यायला हवी, पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ चा, कारण तो १४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी बनतो. म्हणजे आपली गाडी एचओच्या रुळावर ठेवली की पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या म्हशीसारखी दिसते. एनमध्ये तेच, १०.५ च्या जागी ९. इंग्लंडचं ओओ स्केल तर १:७६ आणि रूळ पुन्हा १६.५ चाच, भारतीय ब्रॉडगेजसाठी सगळ्यात वाईट. पण बार्शी लाइट अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ करा: ८.७६. एनचा तयार रूळ ९ चा. पाव मिलिमीटरचा फरक! पुण्या-मुंबईकडची कुठली ब्रॉडगेज इतकी चपखल बसवून दाखवावी कोणी. (होटगी-गदग जुनी मीटरगेज करायची असेल तर १२ मिलिमीटरचा रूळ मिळतो, तोही बरा बसतो.)

ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आत्ताची कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळ्या गाड्यांना आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हे त्यानं आधी ठरवलं आणि मग बारीक रुळावर आठ चालक चाकांचं इंजिन आणि २५ फुटी बोगी वाघिणी (मालडबे) बसवल्या. आधी काय वाहायचं ते, मग रूळ. साडूभाऊंनी उलटं केलं.

माझं आत्ताचं स्टेशन दोन भिंतींना एल आकारात आहे. फळी १४ इंच रुंद, छातीच्या उंचीवर. सगळीकडे हात पोहोचतो. एक फलाट, एक लूप लाइन, एका टोकाला तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. ती तीन सायडिंग म्हणजे जुनं इंग्लिश कोडं आहे: एकात पाच वाघिणी मावतात, बाकी दोघांत तीन-तीन, आणि शंटिंगच्या रुळावर इंजिन अधिक तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानं गाडी जोडायची. क्रम होतात ६७२०. माझ्या वाघिणी ८८ मिलिमीटरच्या, त्यामुळे हा सगळा खेळ साडेचार फुटांत बसतो. एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवणारे दोन सांधे, बस. ऑफिसातून आल्यावर रोज एक गाडी जोडायचो, आता निवृत्तीनंतर दोन. अजून कंटाळा आला नाही. तीन फेऱ्यांचा कंटाळा अकरा मिनिटांत आला होता.

म्हणून जास्तीत जास्त रूळ नको. खोलीभर वर्तमानपत्रं पसरा, त्यावर खऱ्या मापात आखा, सांध्यांच्या झेरॉक्स कापून ठेवा आणि आठवडाभर त्यातून ये-जा करा. कुठे पाय अडकतो ते कॉम्प्युटर सांगत नाही. वायर दर तीन फुटांवर रुळाला डाख देऊन जोडा, रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटच्या भरवशावर वीज सोडू नका. बोगदा हवाच असेल तर मागून किंवा खालून हात घालायला जागा ठेवा, नाहीतर करू नका. आणि पांघरायला प्लास्टिक.

आता थोडं प्रामाणिकपणे. माझी गोष्ट ऐकून मी एनला नावं ठेवतोय असं वाटेल, पण माझी बार्शी लाइट चालते ती एनच्याच जपानी चेसिसवर, वर पुठ्ठ्याचं आणि प्लॅस्टिक शीटचं इंजिन चढवून. आठ चाकांच्या जागी दोन बोग्या (चाकांचे गट) आहेत, बाजूला पट्टी लावून झाकल्या आहेत, जाणकारांनी क्षमा करावी. म्हणजे एनचं यंत्र वाईट नाही. चाक लहान, वजन हलकं, त्यामुळे घाण लवकर जाणवते एवढंच. शिवाय माझ्याकडे तयार काहीच मिळालं नाही, प्रत्येक डबा हातानं केला. पहिले तीन फेकून दिले. तुम्हाला हस्तकलेचा कंटाळा असेल तर माझं ऐकू नका, तयार सेट घ्या. घरात लहान मुलं असतील तर गोल फेरी एक तरी हवीच, त्यांना शंटिंग दाखवलं की ती खाली जाऊन टीव्ही लावतात. स्वानुभव आहे. आणि साडूभाऊंनी आणलेले कंट्रोलर उत्तम होते, त्यातला एक आजही चालू आहे, हे लिहायला हवं.

तुमच्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, ते लिहिलं नाहीत. आत उघडत असेल तर त्या भिंतीचे तीन फूट गेले असं धरा आणि वरचं सगळं पुन्हा मोजा.