सकाळी हुडहुडी, दुपारी घाम

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकला राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा आणि मुलगी पावणेदोनची. फेब्रुवारी लागला की आमच्याकडे रोज तेच, सकाळी शाळेला निघताना हुडहुडी भरते म्हणून जाड स्वेटर, कानटोपी घालून पाठवते आणि दुपारी तो तसाच घामाने थबथबलेला घरी येतो. सासूबाई म्हणतात शिवरात्र होईपर्यंत स्वेटर काढायचा नाही, हे म्हणतात पोराला उकडून काढता का, आणि मधल्यामधे मी. त्यात दोघांची सर्दी हटत नाहीये, एकाची बरी झाली की दुसरीला. द्राक्षं आलीयेत पण खोकला वाढेल म्हणून आजी हात लावू देत नाहीत. आणि रंगपंचमीला यांना मुलाला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर न्यायचंय. काय करू?

उत्तर : अगं, सासूबाई आणि नवरा दोघंही बरोबर बोलतायत, फक्त त्या सकाळी सातचं बोलतायत आणि तो दुपारी एकचं. आपल्या नाशिकला या दिवसांत पहाटे पारा १२ च्या आसपास असतो आणि दुपारी ३१-३२ वर जातो, आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे जमीन दिवसा पटकन तापते आणि रात्री तितक्याच पटकन गार होते. मग एकच जाड स्वेटर दिवसभर कसा चालेल? आतून सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वरून पुढे चेन असलेला पातळ स्वेटर घाल, डोक्यातून काढायचा नको, कारण चेन त्याला स्वतःला उघडता येते. घरी दोनचार दिवस खेळ म्हणून करून घे, चेन उघडायची, स्वेटर काढायचा, दप्तराच्या मागच्या कप्प्यात कोंबायचा, घडीबिडीचा आग्रह नको. टीचरना सांगून ठेव की छोट्या सुट्टीत आठवण करा, आणि स्वेटरवर नाव घाल नाहीतर मार्चपर्यंत तो दुसऱ्याच्या घरी पोचलेला असतो.

मुलाला थंडी वाजतेय का हे हातपाय चाचपून कळत नाही, लहान मुलांचे हातपाय गारच लागतात. मानेखाली पाठीवर हात ठेवून बघ, ओलसर गरम लागली तर एक कपडा कमी कर. आणि हे काम सासूबाईंकडेच दे ना! शाळेतून आला की आजीने पाठ बघायची, ओला बनियन बदलायचा, संध्याकाळी ऊन उतरलं की परत स्वेटर चढवायचा. नातवाच्या काळजीनेच बोलतायत त्या, त्यांचा हात त्याच्या पाठीवर रोज पडला की शिवरात्रीची वाट बघायची गरज त्यांनाही वाटणार नाही. धाकटीला झोपताना मात्र कानटोपी नको, पंखा हळू आणि अंगावर थेट नको.

सर्दीचं म्हणशील तर ती घामाने नाही, विषाणूने होते, आणि शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा होऊ शकते, तो घरी आणतो आणि बहिणीला देतो. म्हणून कपाटातली मागच्या वर्षीची खोकल्याची बाटली काढू नकोस, प्लीज. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायला सांगितलंय आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोतच, पाच वर्षांखालीही सहसा नकोत असं कळवलं. नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, वरण-भात आणि झोपताना अर्धा चमचा मध, दोघंही वर्षाच्या पुढचे आहेत म्हणून मध चालेल. उकळत्या पातेल्याची वाफ नको, त्याने भाजलेली मुलं बघवत नाहीत. श्वास भरभर चाललाय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणी पीत नाहीये, मलूल पडलंय किंवा ताप तीन दिवसांपुढे गेलाय, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर.

द्राक्षांनी खोकला होत नाही, खुशाल दे, पण अख्खं द्राक्ष नको, तेवढंच गोल घशात अडकलं तर श्वास बंद होतो. नीट धुऊन उभे चार तुकडे कर, दोघांसाठीही.

रहाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, दाखवायला जरूर न्या, उतरवायचं अजिबात नाही. पेशवेकाळापासूनची आपली परंपरा आहे, जमिनीत बांधलेला खोल हौद, फुलं उकळून केलेला रंग आणि त्यात धप्पा मारणारी माणसं, मुलाने बघायलाच हवं. पण मोठ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जाईल अशी ती जागा आणि भोवती ही गर्दी! बाबाच्या खांद्यावर बसून जरा लांबून बघू दे. घरी आदल्या रात्री पळसाची फुलं पाण्यात भिजत घाल, सकाळी छान केशरी रंग उतरतो, उन्हं वर आल्यावर अंगणात टबभर कोमट पाण्यात कालवून दे आणि टबाजवळ एक मोठं माणूस बसू दे.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये कांजण्या आल्यात, परवा माझ्या तीन वर्षांच्या मुलीलाही उठल्या. होळीला नणंद येणारे, तिला पाचवा महिना आहे. घरात कडुनिंब बांधलाय आणि आंघोळ बंद केलीये. बरोबर आहे ना?

उत्तर : कडुनिंब राहू दे, आंघोळ मात्र सुरू कर, कोमट पाण्याने, न चोळता, अंग टिपून कोरडं करायचं, नखं अगदी बारीक काप. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, अ‍ॅस्पिरिन कधीच नाही आणि आयबुप्रोफेनही नको. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते, तोवर शाळा नाही, खाली खेळायलाही नाही. नणंदेला आजच फोन कर आणि येणं पुढे ढकलायला सांग, वाईट वाटेल पण सांग. तिला लहानपणी कांजण्या झाल्याचं सासूबाईंना आठवत असेल तर काळजी फार नाही, तरी तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, म्हणून त्या दिवसांत ती मुलीला भेटून गेली असेल तर डॉक्टरांना उद्यावर न टाकता विचारा. घरात अजून कुणी लहान असेल तर कांजण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पहिला डोस १५ महिन्यांना मिळतो.