तुझा हात कधी काढून घ्यायचा

अनेक आशीर्वाद.

ऑटिझम असलेल्या त्या सात वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचं त्याच्या आईवडिलांनी ठरवलं आणि रोज सकाळी तू जाणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडा पाहिला. साडेनऊ ते साडेबारा, मराठी, गणित, परिसर असे तास, मध्ये डब्याची सुट्टी. हे शाळेचंच वेळापत्रक आहे, वर्गात मूल तेवढं एकच. ते सध्या बाजूला ठेव.

घरच्या शिक्षणातली मोठी सोय म्हणजे एक मोठं माणूस पूर्ण वेळ मुलाच्या वाट्याला येतं. बिघडतंही नेमकं तिथेच. कुणीतरी सतत शेजारी बसलं की ऑटिझम असलेलं मूल काम शिकण्याऐवजी त्या माणसासोबत काम करायला शिकतं. मग वर्षा-दोन वर्षांनी आई सांगते, 'त्याला सगळं येतं, फक्त मी शेजारी लागते.' म्हणून कुठलीही कृती शिकवायला घेण्याआधी तुझा हात, तुझं बोट आणि तुझा शब्द त्यातून कसे बाहेर पडणार, हे ठरवून घे.

तिघांत शब्द सगळ्यात निरुपद्रवी वाटतो आणि काढायला सगळ्यात अवघड तोच. 'आता नळ बंद कर' हे रोज ऐकलं की ते ऐकणं हीच एक पायरी होऊन बसते. तू बोलली नाहीस तर पाणी वाहत राहतं. हात हळूहळू सैल करता येतो, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर सरकवता येतो. अर्धं वाक्य करून तो हिशोब जमत नाही. म्हणून सुरुवातीला तोंड बंद ठेव, मुलाच्या मागे उभी राहा आणि मागूनच हात दे. समोर बसलीस तर तो वस्तूकडे बघायचं सोडून तुझ्या चेहऱ्याकडे बघेल. त्याने हात ओढून घेतला तर लगेच सोड. जबरदस्तीने धरलेल्या हाताने मूल काही शिकत नाही, फक्त तुझ्यापासून दूर राहायला शिकतं.

पाण्याची बाटली भरणं घेऊ. बाटली उचलायची, झाकण काढायचं, नळाखाली धरायची, नळ सोडायचा, बंद करायचा, झाकण लावायचं, बाटली जागेवर ठेवायची: सात पायऱ्या. शिकवताना शेवटून सुरुवात कर. पहिल्या सहा पायऱ्या तुझ्या मदतीने होऊ देत, बाटली जागेवर ठेवणं तेवढं त्याचं एकट्याचं. ते सलग तीन दिवस मदतीशिवाय झालं की झाकणही त्याच्याकडे दे. अशाने प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचं समाधान त्याच्याच हातात पडतं. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर पुरं करणारी नेहमी तूच असतेस. दोन जागी गाडी हमखास अडेल. एक म्हणजे नळ कधी बंद करायचा ते कळत नाही आणि बाटली उतू जाते. त्यासाठी 'बस, बस' म्हणू नकोस. बाटलीला पाऊण उंचीवर रंगीत चिकटपट्टी लाव आणि पाणी पट्टीपर्यंत आलं की नळ बंद, हे हाताने दाखव. दुसरं झाकण. तिथे बहुतेकदा अडचण समजुतीची नसून बोटांची असते: एका हाताने बाटली घट्ट धरायची आणि दुसऱ्याने फिरवायचं. तसं दिसलं तर त्यांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टशी, म्हणजे रोजच्या कामांसाठी हाताबोटांचं कौशल्य शिकवणाऱ्या तज्ज्ञाशी, बोल, तोवर दाबून बसणाऱ्या झाकणाची बाटली वापर.

प्रत्येक पायरीला 'शाब्बास' म्हणायची सवयही सोड. त्याने मूल दर पायरीला थांबून तुझ्याकडे बघायला लागतं. काम पुरं झाल्यावर एकदा म्हटलंस तरी पुरे.

टेबलावरच्या कामासाठी टीच पद्धतीतली मांडणी वापर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1972 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम आहे, आणि आपल्या दोन खोल्यांच्या घरातही ही मांडणी नीट चालते. मुलाला न विचारता चार गोष्टी दिसायला हव्यात: काम काय, किती, कधी संपणार आणि त्यानंतर काय. डाव्या हाताला तीन टोपल्या ठेव, समोर मोकळं टेबल, उजवीकडे 'झालं'चा मोठा खोका. पहिल्या टोपलीत राजमा आणि काबुली चणे वेगळे करायचे, वीस-वीस दाणेच, मूठभर नकोत. त्यालाच शेवट दिसू दे. दुसरीत चित्र आणि शब्दाच्या सहा जोड्या. तिसरीत पाच बेरजा. खोक्याशेजारी पुढच्या गोष्टीचं चित्र, झोपाळा किंवा जे त्याला आवडतं ते. टोपलीत मात्र त्याला आधीपासून येणारंच काम ठेवायचं. नवं शिकवणं वेगळ्या वेळी, त्याच्याजवळ बसून, पाच-सात मिनिटं. सगळे चुकतात ते इथे: नवी गणितं टोपलीत टाकतात, मूल अडतं, मोठं माणूस खुर्ची ओढून बसतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. तुझी खुर्ची आधी हातभर मागे, मग भिंतीशी, मग दाराबाहेर जायला हवी. सकाळभरात बैठं काम एकूण तासभर झालं तरी भरपूर. उरलेला वेळ धुणं वाळत घालणं, मटार सोलणं, दुकानातून दहाच्या नाण्याने काहीतरी आणणं. गणित तिथेही आहेच.

आता बोलण्याविषयी. तो ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणतो असं तू लिहिलंस. त्याला पाणी हवं असतं तेव्हा तो 'तुला पाणी हवंय?' म्हणत असेल, कारण पाण्याआधी त्याच्या कानावर नेहमी हेच वाक्य पडतं. प्रश्न विचारणं कमी कर आणि तो म्हणेल तसंच वाक्य त्याच्यापुढे ठेव: 'पाणी पाहिजे.' मराठीत आणखी एक गोम आहे. दिवसभर आई आणि तू, दोघीच बोलत असाल तर तो 'मी येते, मी जाते' म्हणू लागेल. त्याला टोकत बसू नका. संध्याकाळी वडिलांनी त्याच्यासोबत कामं करताना 'मी देतो, मी ठेवतो' असं मोठ्याने बोलत राहावं. आणि कुणी 'घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळेल' असं सांगितलं असेल तर ते मानू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते असं संशोधनात दिसलेलं नाही. आई ज्या भाषेत सहज लाडाने बोलते ती काढून घेतली तर नुकसान मात्र नक्की होतं.

मागायची वेळ येऊच न देणं ही प्रेमळ घरांची सवय असते. बाटली समोर, खाऊ समोर, मग तो बोलेल कशाला? खाऊ झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक डब्यात ठेव, आणि डबा पुढे आल्यावर मनात सावकाश दहा अंक मोज. बहुतेक मोठी माणसं दोन-तीनलाच बोलून टाकतात. शब्द फुटत नसेल तर चित्रकार्ड चालेल, आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीतही चालतं. चित्रांमुळे बोलणं थांबतं ही भीती आजीला असेल; तसं होत नाही, हे तिला शांतपणे समजाव. पहिल्या आठवड्यातच 'नको' आणि 'थांबूया' ही दोन कार्डं दे, आणि ती दाखवल्यावर खरोखर थांब. थांबत नाही असं एकदा कळलं की तो कार्ड टाकून देईल आणि चावेल.

फाटकावरच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत तो सगळं वाचतो, याचं घरात कौतुक आहे. वाचलेलं कळतं का ते वेगळं तपास. 'चमचा ताटात ठेव' असं चिठ्ठीवर लिहून दे आणि स्वतः चमच्याकडे बघूही नकोस. इथून त्याचं खरं वाचन सुरू होईल, आणि पुढे चिठ्ठीच तुझ्या तोंडी सूचनेची जागा घेईल.

कुकरची शिट्टी, मिक्सर, गणपतीतले ढोल यांचा आवाज असह्य होऊन तो कोसळत असेल तर त्या वेळी शिकवणं बंद, बोलणंही जवळजवळ बंद. दिवे कमी, माणसं कमी, इजा होईल अशा वस्तू दूर. हात फडफडवणं थांबवू नकोस, त्याने तो स्वतःला सावरतो.

कागदपत्रं वडिलांवर सोपव, पण मागे लाग. यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आयसा या ऑटिझम मोजणाऱ्या चाचणीनुसार अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही बसतो. शिक्षणहक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क मिळाला. तो याला लागू होतो का ते समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या तालुका किंवा शहर कार्यालयात विचारायला सांग. तोवर शाळेतून नाव काढायची घाई नको.

दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करता येते. वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय पुरतात आणि ते पाच वर्षांत सुटे सुटे देता येतात. लेखनिकही मिळतो. पण जन्मभर आई आणि तुझ्याखेरीज कुणासमोर उत्तर न दिलेलं मूल अनोळखी लेखनिकापुढे गप्प बसतं. म्हणून आत्तापासूनच, एखादी कृती तुझ्यासोबत पक्की झाली की ती काकासोबत, मग शेजारच्या ताईसोबत, मग दुसऱ्या खोलीत आणि दुसऱ्या बाटलीने करून घे.

नोंदवहीत 'जमलं', 'नाही जमलं' लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. तारीख, कृती, पायरी, आणि मदत कोणती: हात, खूण, शब्द की काहीच नाही. पंधरवड्यात एखाद्या पायरीची मदत तसूभरही कमी झाली नसेल तर ती पायरी मोठी आहे. तिचे दोन तुकडे कर. पहिल्या पंधरवड्याची पानं मला पाठव, मदतीचा रकाना आधी भरून.