वाचकांचे प्रश्न : व्हॅनिलाचा सुगंध येतो कोठून?

प्रश्न : वेलीवरच्या हिरव्या व्हॅनिलाच्या शेंगेला सुगंध नसतो, असे वाचनात आले. मग तो येतो कोठून? आणि कृत्रिम इसेन्समध्ये तोच सुगंध असतो का?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातील वेल असून, जिला आपण शेंग म्हणतो ते खरे तर तिचे बोंड आहे. त्यातील व्हॅनिलिन हे द्रव्य साखरेच्या रेणूला जखडलेले असते आणि त्या स्थितीत त्याला गंध नसतो. हा बंध तोडणारे विकरही (एन्झाइम) त्याच शेंगेत असते. परंतु पेशी शाबूत असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही. म्हणून टोकाशी पिवळसर होऊ लागलेल्या शेंगा तोडून ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात आणि गरम असतानाच कापडात गुंडाळून पेट्यांत ठेवतात. त्या उबेत शेंगा घामेजतात, तपकिरी होतात आणि सुगंध मोकळा होऊ लागतो. पुढे कित्येक आठवडे वाळवणे आणि काही महिने बंद पेटीत मुरवणे हे चालूच राहते.

त्याआधीचे कष्टही कमी नाहीत. फूल जेमतेम एक दिवस टिकते आणि मेक्सिको व मध्य अमेरिका या मूळ प्रदेशाबाहेर ते आपोआप क्वचितच फळते. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने, बारीक काडीने फुलातला पडदा उचलून पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या टोकावर, दाबण्याची सोपी रीत शोधली. मादागास्करसह बहुतेक ठिकाणी आजही हीच रीत चालते. एवढा व्यापार ज्याच्या बोटांनी उभा केला, तो १८८० मध्ये दारिद्र्यात वारला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता इसेन्सविषयी. टीमन आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये सूचिपर्णी वृक्षांतील द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. कारखान्यातील आणि शेंगेतील व्हॅनिलिनचा रेणू एकच असतो, त्यामुळे त्याला नकली म्हणणे मला योग्य वाटत नाही. मात्र शेंगेत त्याच्या जोडीला इतर अनेक गंधद्रव्ये असतात आणि त्यांनीच तिच्या सुगंधाला खोली येते. थंड किंवा मंद आचेवरच्या दुधाच्या पदार्थांत हा फरक सहज कळतो, खरपूस भाजलेल्या बिस्किटांत तो फारसा उरत नाही. पदार्थातील काळे कण पाहून मात्र निर्णय करू नये, कारण अर्क काढून घेतलेल्या शेंगांचे बीही त्यात मिसळलेले असू शकते.